पायाळू बाईची कंबर

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं आधी न येता माझे पाय आधी आले. यात माझी हुशारी काडीची नाही. त्या भानगडीत आई मरता मरता वाचली आणि सुईणीने कपाळाला हात लावला, एवढंच. पण आमच्या बदलापूर गावात लोकांचा ठाम विश्वास, की पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते. त्यामुळे मला नीट चालता येण्याच्या आधीपासून मोठमोठी माणसं माझ्यासमोर पालथी पडत आलीत.

सकाळी तोंड धुवायच्या आधी, उजव्या पायाने, तीन वेळा, असा कायदा. ऐंशीच्या सुमाराला मी सातवीत होते, तेव्हा रोज कोणी ना कोणी ओट्यावर येऊन बसलेलं असायचं. आम्ही बौद्ध. एरवी आमच्या वस्तीकडे न फिरकणारी, आईने चहा पुढे केला की "नको नको, आत्ताच झाला" म्हणणारी मंडळी कंबर धरून यायची. चहा चालत नव्हता, लाथ चालत होती. आता बोला!

वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. धर्म बदलल्यापासून आमच्या घरात गंडे, दोरे, अंगारे सगळं बंद होतं. "असली खुळं माझ्या दारात नकोत," म्हणून ते आलेल्यांना परत पाठवायचे. पण एकदा गावातला एक मोठा शेतकरी वाकडा होऊन आला. त्याच्या दारावरून जाताना माझ्या आजोबांना चप्पल हातात घ्यावी लागायची. तो सरळ येऊन आमच्या ओट्यावर पालथा पडला. वडिलांनी त्याच्या पाठीकडे बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाले, "एवढं म्हणतोय तर मार. जरा जोरात मार." त्या दिवशी तत्त्वाला सुट्टी होती. मी मारली. तो "बरं वाटलं पोरी" म्हणत उठला. साधी उसण तशीही चार दिवसांत आपली आपण उतरते, हे मला फार नंतर कळलं.

लग्न होऊन मी बदलापूरला लागूनच असलेल्या खरवईला आले. बघायच्या कार्यक्रमात सासूबाईंनी रंग पाहिला नाही, शिक्षण विचारलं नाही, पाय पाहिले. त्यांची कंबर जुनी होती. नवराही अंबरनाथलाच कामाला. स्वभावाने वाईट नाही, पण घरात बाई दिसली नाही की त्याला भिंत पडल्यासारखं वाटायचं. तरी भांडून भांडून मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये कामाला लागले. एका सिंधी शेठचा जीन्स शिवायचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, पत्र्याखाली अठरा मशिनी आणि तीन पंखे. मी बेल्ट लावायचे, म्हणजे पँटच्या कमरेची पट्टी. अख्ख्या दुनियेच्या कमरा मी बसवत होते आणि त्यात माझी स्वतःची कधी बसली ते कळलंच नाही.

ती मशीन माझी होती. नावावर नव्हती, पण तिच्यावर दुसरं कोणी बसायचं नाही. घरी मी दिवसभर "अगं ए" होते. तिथे मी बेल्टवाली होते. मी हात आखडता घेतला की पुढच्या चार बायकांचं काम थांबायचं, आणि शेठ स्वतः येऊन विचारायचा, "बाई, क्या हुआ?" असं मला आयुष्यात दुसऱ्या कोणी विचारलेलं नाही. म्हणून त्या मशीनवर माझा जीव होता. सरळ सांगते, नवऱ्यापेक्षा थोडा जास्तच.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कंबर पुरती गेली. आधी वर्ष-दोन वर्षं कुरकुर होतीच. आता सकाळी अंथरुणातून उठायचं तर आधी कुशीवर, मग हातावर, मग भिंतीला धरून, असा टप्प्याटप्प्याने प्रवास. कमरेच्या खाली डाव्या बाजूला कोणीतरी सुतळीला गाठ मारून ओढतंय असं दुखायचं. आणि लोकांना काय आनंद झाला म्हणून सांगू! जो तो विचारायचा, "अय्या, तू तर पायाळू ना? तुझी कशी दुखते?" जसा काही डॉक्टरला कधी तापच येत नाही. आपली लाथ आपल्या पाठीला लागत नाही, हे मी एकदा प्रयत्न करून पाहिलेलं आहे.

मग उपचार झाले. निर्गुडीचा पाला झाला, गरम विटेचा शेक झाला, कमरेचा पट्टा झाला. शेजारणीने कुठलंसं तेल आणलं, त्याच्या वासाने मांजर चार दिवस घरात आलं नाही. शेवटी अंबरनाथचा एक डॉक्टर. त्याने एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला, चुकचुकला आणि म्हणाला, "तीन आठवडे फळीवर झोपा. वाकू नका, उचलू नका, आणि ते शिवणकाम आता विसरा." एवढ्या बोलण्यातलं नवऱ्याला शेवटचं वाक्य तेवढं नीट ऐकू आलं.

"झालं आता. घरी राहा," तो म्हणाला.

तीन आठवडे मी फळीवर पडून होते. सासूबाई फार काळजीवाहू. म्हणायच्या, "उठू नको हो अजिबात. झोपल्या झोपल्या एवढा लसूण सोल." तीन आठवड्यांनी लसणाचा डोंगर झाला आणि मी फळीपेक्षा ताठ झाले. दुखणं होतं तिथेच होतं.

तरी मी कामावर गेले. अर्धा तास बसायची, दहा मिनिटं उभी राहायची, परत बसताना डोळ्यांत पाणी. पुढच्या टेबलावर पँटी साठल्या की माझ्याकडे सतरा माना वळायच्या. आठवडाभराने शेठ आला. माणूस चांगला होता, त्यामुळे ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाई, दसऱ्यापर्यंत बघतो," तो म्हणाला. "सीझन है. नहीं जमा तो बेल्ट पे हेमवाली को बिठाऊंगा." हेमवाली, म्हणजे पँटची खालची दुमड घालणारी, माझ्या मागेच बसायची. तिने खाली मान घालून शिवण चालू ठेवली, पण कान माझ्याकडे होते. दसऱ्याला अडीच महिने होते.

त्याच आठवड्यात शेठाणीचं बोलावणं आलं. कारखान्यामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. आम्ही सगळ्या तिला भाभी म्हणायचो. पन्नाशीची बाई, अंगाने भरलेली, चालताना एक हात कायम कमरेवर. सिंध्यांच्या घरी गेलं की आधी पापड आणि पाणी येतं, तसं आलं. मग म्हणाली, "तू ही वो लात वाली ना?"

"मी बेल्टवाली," मी म्हटलं.

"वो भी होगी. कल से सुबह आ. मेरी कमर सात साल से पकड़ी है."

काय करता? शेठच्या बायकोला नाही म्हणायची माझी ऐपत नव्हती. दुसऱ्या दिवशी तोंड न धुता बदलापूरहून गाडी पकडली. भाभी दिवाणावर पालथी पडली. तेवढ्या उंच पाय उचलला असता तर माझीच कंबर मोडली असती, म्हणून म्हटलं, जमिनीवर या. तर ती घाबरली. सात वर्षांत जमिनीवर बसली नव्हती. खाली उतरले आणि उठताच आलं नाही तर काय, या भीतीने. मी माझं दुखणं सांभाळत तिला दोन्ही हातांनी धरून उतरवली. तीनदा पाय लावला. बाईचं समाधान झालं.

पण उठायचं सोडून ती तशीच पडून राहिली. टीव्हीच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "नीचे आ ही गई हूँ, तो वो कॅसेट लगा." लंडनच्या बहिणीने व्हिडिओ कॅसेट पाठवली होती. पिलाटेस. खास कंबरवाल्यांसाठी. सहा महिने पडून होती, कारण सगळा व्यायाम जमिनीवर आणि हिला एकटीला उतरायची भीती. शेठला सांगितलं तर तो हसला होता.

कॅसेटमध्ये एक गोरी बाई, अंगाला चिकटलेले कपडे, तोंडभर हसू. मला वाटलं आता उड्या मारेल. तर ती चटईवर उताणी झाली आणि श्वास सोडू लागली. म्हटलं, धन्य! नुसतं पडून राहायला लंडनहून कॅसेट कशाला? खरवईत मी तीन आठवडे दुसरं काय केलं होतं? वर लसूणही सोलला होता.

भाभीला इंग्रजी येत होतं. ती सांगायची, मी करून बघायचे. गुडघे वर, तळवे जमिनीला टेकलेले. श्वास सोडताना बेंबी आत, पाठीकडे ओढायची. मग ढुंगण उचलायचं, पण एकदम नाही, एकेक मणका सुटा करत वर न्यायचं आणि एकेक मणका टेकवत खाली आणायचं. माझे मणके एकेक उठायला तयारच नव्हते. सगळे एकदम उठायचे, एकदम बसायचे. पाचव्या वेळेला पोट थरथरायला लागलं. नुसत्या पडलेल्या बाईला घाम फुटतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गोरी मात्र हसतच होती, मेली.

साडीत हे जमेना, म्हणून भाभीने तिचा पंजाबी ड्रेस दिला. त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. रोज सकाळी मी आधी पाय लावायचे, मग दोघी अर्धा तास चटईवर. ओणवं होऊन एक हात आणि उलटा पाय लांब करायचा, त्यात भाभी कलंडायची आणि मला हसू यायचं. हसलं की कंबर दुखायची, म्हणून हसणंही जपून. मध्येच लाइट जायची, मग कॅसेटशिवाय श्वास मोजायचे.

मी एक मूर्खपणाही केला. मला दसरा दिसत होता. म्हटलं, एवढ्याने होतंय तर दुप्पट करू. घरी रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा पंचवीस वेळा, पन्नास वेळा, दात ओठ खाऊन. चौथ्या दिवशी सकाळी उठताच येईना. भाभीने कॅसेट मागे नेऊन मला ते वाक्य पुन्हा ऐकवलं आणि अर्थ सांगितला, थोडं करा पण नीट करा, श्वास कोंडू नका. मी आयुष्यभर श्वास कोंडूनच काम केलेलं. सासरी दुसरी कुठली पद्धत असते?

तिसऱ्या आठवड्यात मी भिंत न धरता अंथरुणातून उठले. सहाव्या आठवड्यात दोन दोन तास सलग बसू लागले. मशीनच्या पायांखाली विटा घातल्या, म्हणजे फार वाकावं लागू नये. तासाभराने उठून चार पावलं चालायचा नियम केला. दुखणं गेलं असं नाही म्हणणार. ते आजही पाहुण्यासारखं येतं, पण मुक्काम करत नाही. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी साडेआठ ते सहा पूर्ण बसले. शेवटची पँट पुढे सरकवली, कारखान्याच्या मोरीत गेले, कडी लावली आणि रडले. मशीन वाचली होती.

दोन दिवस वाचली होती, असं म्हणायला हवं.

त्याच सुमाराला भाभी एका लग्नात गाण्याला दोघींचा हात धरून खाली मांडी घालून बसली आणि आपली आपण उठलीसुद्धा. नातेवाइकांत गलका झाला. काय केलंस, काय केलंस? भाभीने सांगून टाकलं, आमच्या कारखान्यात एक पायाळू बाई आहे. बस! शेठ हात जोडूनच मशीनपाशी आला. "बाई, अब मशीन छोड़. रोज घर पे आ. पगार वही. मेरी बहन आएगी, साली आएगी, सबको पैर लगा. सोमवारपासून बेल्टवर हेमवाली."

"शेठ, ते पायाने नाही झालं, व्यायामाने झालं. मीपण त्यानेच बरी झाले."

शेठ पोट धरून हसला. "पड़े पड़े साँस लेने से?"

घरी सांगितलं तर नवऱ्याने उड्या मारायच्या बाकी ठेवल्या. "याच्याइतकी सोपी नोकरी तरी असते का? तीन लाथा मारायच्या आणि घरी यायचं!" सासूबाई माझ्या पायांकडे कौतुकाने बघत होत्या. माझं टाळकंच सटकलं. दोन-अडीच महिने पोट थरथरेपर्यंत घाम मी गाळला, आणि नाव कोणाचं? त्या पायाचं, जो आईला जवळपास मारून बाहेर आला! बेल्ट लावायला मला सहा वर्षं शिकावं लागलं. पायाळू व्हायला मी काय केलं होतं?

सोमवारला सहा दिवस होते. मी ठरवलं, पायाचा काही संबंध नाही हे शाबीत करायचं. दुसऱ्या दिवशी भाभी पालथी झाली, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातलं लाटणं घेतलं आणि त्याचं टोक तिच्या पाठीला तीनदा टेकवलं. "आह," भाभी म्हणाली, "आराम आया." मी लाटणं गुपचूप जागेवर ठेवलं. शनिवारपर्यंत चारही दिवस लाटणंच लावलं. व्यायाम मात्र रोजच्यासारखा, एकही चुकवला नाही.

पाचव्या दिवशी, रविवारी, मुद्दाम गेले. लाटणं तिच्यासमोर चटईवर ठेवलं.

"भाभी, चार दिवस तुमच्या पाठीला माझा पाय लागलेला नाही. हे लागलंय. तरी तुम्ही ठणठणीत. तुमच्या कमरेला पायाची गरज नाही. आता हे शेठला सांगा."

मला वाटलं ओरडेल, नाहीतर रडेल. ती लाटण्याकडे बघत म्हणाली, "मुझे पता है."

"काय पता है?"

"पहिल्या दिवसापासून. पैर गरम होता है. आणि ड्रेसला पीठ लागलं होतं. कामवालीने पूछा, पीठ पे आटा कैसे आया?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलती तो तू मशीन पे चली जाती." तिने माझ्याकडे न बघता चटईचं टोक सरळ केलं. "अकेली मैं नीचे उतरती नहीं."

"म्हणजे माझी मशीन गेली असती, हे माहीत होतं तुम्हाला?"

"हाँ."

इतका राग मला नवऱ्याचा कधी आला नाही. खोटं तरी बोलायचं! तोंडात आलेली शिवी मी गिळली. "शेठला सांगा, व्यायामाने बऱ्या झालात म्हणून," मी म्हटलं. "मला माझी मशीन पाहिजे."

"वो नहीं मानेगा. बाई का पैर मानेगा, देवी मानेगा, डॉक्टर मानेगा. पण मी स्वतः काही केलं आणि बरी झाले, हे? तीस साल में एक बार नहीं माना."

ती मग दिवाणाला धरून उठली, फोनपाशी गेली आणि कारखान्याचा नंबर फिरवला. रविवारी शेठ तिथे हिशेबाला बसायचा. "सुनो," ती म्हणाली, "उस बाई के पैर का गुण चला गया. हाँ. एकदम खतम. आज लगाया, कुछ नहीं हुआ. उसको मशीन पे बिठा दो." आणि ठेवून दिला.

खरं सांगून जे झालं नाही, ते असं अर्ध्या मिनिटात झालं. मी आभार मानले नाहीत. चपला घातल्या आणि निघाले.

सोमवारी बेल्टवर मीच बसले. शेठ येऊन उभा राहिला, माझ्या पायांकडे बघून हळहळला. "गया तो गया, बाई. दुःख नको करू." जसं घरातलं कोणी वारलं. बातमी खरवईला पोहोचली, तेव्हा सासूबाई दोन घास कमी जेवल्या. नवरा म्हणाला, "हातची सोन्यासारखी नोकरी घालवलीस." सकाळी दारात कोणी येईनासं झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी उठून निवांत तोंड धुतलं.

आठ दिवस भाभीकडे गेले नाही. राग होता. नवव्या दिवशी सहाला मशीन बंद केली आणि बायका स्टेशनकडे वळल्या, तेव्हा मी मागच्या गल्लीत शिरले. दार तिनेच उघडलं. हात कमरेवर होता. दिवाणाशेजारी चटई घातलेली.

"करता का रोज?" मी विचारलं.

"रोज चटई घालते," ती म्हणाली. "मग उचलून ठेवते."

उतरवायला म्हणून तिने माझ्याकडे दोन्ही हात पुढे केले. मी हात दिले नाहीत. खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली.

"हिला धरा. आधी एक गुडघा टेकवा. श्वास सोडा. आता दुसरा."

"गिर जाऊँगी."

"नाही पडणार. पोट आत."

चार मिनिटं लागली असतील. मध्ये दोनदा "नहीं होगा" झालं, एकदा मला सिंधीत काहीतरी बोलली, ते मी विचारलं नाही. मग ती खाली होती. खुर्ची सोडून, दोन्ही तळवे चटईवर टेकून, धापा टाकत बसलेली. तिने आधी चटईकडे बघितलं, मग रिकाम्या खुर्चीकडे, मग माझ्याकडे.

"बघा," मी म्हटलं. "आता मी नाही आले तरी चालेल."

"चलेगा," भाभी म्हणाली. "पर आना."